२०२९च्या बाजारातल्या तुरी

पत्र : ऑगस्ट २०१२मध्ये नोकरीनिमित्त ओरेगनला, बीव्हरटनला आलो. बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका नागपूरकराने ओढत पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सच्या मॅचला नेलं. डेमियन लिलार्डचं ते पहिलं वर्ष. पुढची अकरा वर्षं आम्ही दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून ओरडलो. २७ सप्टेंबर २०२३ला ब्लेझर्सनी लिलार्ड मिलवॉकीला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाला मी लिलार्डची शून्य नंबरची जर्सी घालून गेलो होतो. मित्राने सगळ्यांसमोर त्या शून्याला हात जोडले आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी लवकर या." वर हेही, की तेहतिशीचा गडी गेला, पिकं (म्हणजे पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडायचे हक्क) आली, सौदा झकास. मी तिथून निघालो. त्यानंतर आम्ही एकही मॅच एकत्र पाहिलेली नाही. जुलै २०२५मध्ये लिलार्ड परत आला, तेव्हा मित्राचा मेसेज आला : "पिकंही आपली, माणूसही आपला. आता तरी मान." माझा तेरा वर्षांचा मुलगाही त्याच्याच बाजूचा आहे. मी चुकलो होतो का? आणि उद्या पुन्हा एखादा मुरलेला खेळाडू देऊन पुढच्या वर्षांची पिकं घ्यायची वेळ आली, तर मी कोणत्या बाजूने उभं राहायचं?
— झिरो नंबरवाला, बीव्हरटन

उत्तर :

झिरो नंबरवाले, नमस्कार.

आधी विनोदाबद्दल. विनोद चांगला होता, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून तर तो जसाच्या तसा पत्रात आला. फक्त वेळ चुकली. मूर्ती पाण्यात जाताना आपल्याकडे भल्याभल्यांचा आवाज बसतो, त्यात तुमच्या अंगावर ती जर्सी. मित्राने दोन दिवस थांबायला हवं होतं. पण दोन वर्षं खुर्ची बदलून बसण्याएवढा तो गुन्हा मला वाटत नाही.

आता तुमच्या लिलार्डची जन्मकथा सांगतो. ती बहुधा तुम्हाला माहीत नसावी, कारण ती तुम्ही ओरेगनला पोचण्याच्या पाच महिने आधीची आहे.

१५ मार्च २०१२. ब्लेझर्सचा हंगाम फसलेला. त्या एका दिवसात त्यांनी प्रशिक्षक नेट मॅकमिलनला घरी पाठवलं, मार्कस कँबीला ह्यूस्टनला दिलं आणि जेरल्ड वॉलेसला न्यू जर्सी नेट्सला. वॉलेस तेव्हा २९ वर्षांचा होता. दोनच वर्षांपूर्वी ऑल-स्टार झालेला, चेंडूसाठी प्रेक्षकांत उडी घेणारा गडी. बदल्यात आले दोन खेळाडू, ज्यांची आज कुणाला आठवण नाही, आणि नेट्सचं त्याच वर्षीचं पहिल्या फेरीचं पिक (दरवर्षी संघ नव्या मुलांतून निवड करतात आणि हरणाऱ्यांचा नंबर साधारण आधी लागतो). त्यावर एक अट होती : पहिल्या तीनांत आलं तर ते नेट्सकडेच राहील. नेट्सना घाई होती, कारण त्यांचा डेरन विल्यम्स सोडून जाईल अशी धास्ती होती. त्याला थांबवायला कुणीतरी नावाजलेला सोबती हवा होता. ६६ सामन्यांच्या त्या तोकड्या हंगामात नेट्स २२ जिंकले, ४४ हरले. पिक सहावं आलं. त्या सहाव्या पिकावर पोर्टलंडने वेबर स्टेट नावाच्या आडबाजूच्या विद्यापीठातला एक पोरगा उचलला. डेमियन लिलार्ड.

म्हणजे ज्या माणसाच्या ट्रेडवर तुम्ही दोन वर्षं अबोला धरलात, तो माणूसच मुळात मुरलेला खेळाडू देऊन घेतलेल्या पिकातून आलेला. वॉलेसची जर्सी घालून त्या मार्चमध्ये कुणीतरी पोर्टलंडकर असाच चरफडला असेल.

हे मी मित्राची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. त्याचा हिशेबही कच्चा आहे, त्याकडे येतोच. पण पिक म्हणजे काय हे आधी नीट बोलू, कारण तुमच्या पत्रात तुम्ही दोघंही पिकाबद्दल असं बोलता जणू ती तिजोरीत ठेवलेली वस्तू आहे. पिक आणि पीक यांत आपल्या भाषेत फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आहे आणि मला तो फारसा खरा वाटत नाही. रान मात्र दुसऱ्याचं असतं. तुम्ही मिलवॉकीचं पिक घेता तेव्हा मिलवॉकीच्या भावी हालांवर पैज लावता. ते जिंकत राहिले तर तुमच्या पदरात तिसावा खेळाडू, ते बुडाले तर पहिला. त्यातही लॉटरी आहेच, वरचे क्रमांक सोडतीने ठरतात : तो सौदा झाला तेव्हा सगळ्यात वाईट तीन संघांनासुद्धा पहिल्या क्रमांकाची शक्यता प्रत्येकी १४ टक्के होती. बाकी सगळं चेंडूंच्या डब्याच्या हाती.

लिलार्डच्या बदल्यात मिलवॉकीकडून मिळालं ते २०२९चं पिक, शिवाय २०२८ आणि २०३०मध्ये पिकांची अदलाबदल करण्याचा हक्क, म्हणजे त्यांचं पिक आपल्यापेक्षा वरचं निघालं तर ते घेऊन आपलं द्यायचं. २०२९मध्ये ज्या मुलाचं नाव पुकारलं जाईल तो आज कुठेतरी नववी-दहावीत असेल, गणिताच्या पेपरची तयारी करत. त्याच्यावरून तुम्ही दोघं विसर्जनाच्या घाटावर भांडलात. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

तुरी कधी पिकतात, कधी नाही. पिकल्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट पुन्हा त्याच नेट्सची आहे, फक्त आता ते ब्रूकलिनला राहायला आलेले. २०१३च्या उन्हाळ्यात बॉस्टनने पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेट त्यांना दिले. पिअर्स ३५ वर्षांचा, पंधरा हंगाम एकाच संघाकडून खेळलेला, २००८च्या विजेतेपदात अंतिम फेरीचा मानकरी. गार्नेट ३७चा. बॉस्टनचे लोक हळहळले. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ची पहिल्या फेरीची पिकं आणि २०१७ला अदलाबदलीचा हक्क. (आलेल्या खेळाडूंत कोण होता? आपला जेरल्ड वॉलेस. या माणसाच्या नशिबी दुसऱ्यांची भाग्यं उजळवणंच लिहिलं होतं.) नेट्सनी प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांची, एक फेरी जिंकली, पुढच्या फेरीत मायामीने त्यांना गुंडाळलं आणि वर्षभरात पिअर्स वॉशिंग्टनला गेला. मग नेट्स कोसळले. २०१६चं पिक तिसरं आलं : जेलन ब्राउन. २०१७चं थेट पहिलं आलं; ते बॉस्टनने फिलाडेल्फियाला देऊन तिसरं आणि वर आणखी एक पिक घेतलं : जेसन टेटम. २०२४मध्ये या दोघांनी बॉस्टनला विजेतेपद दिलं.

सौदेबाजीचे भक्त ही कथा इथवर सांगतात आणि थांबतात. २०१४चं पिक कुणाच्या तोंडी नसतं. ते सतरावं आलं, जेम्स यंग नावाचा मुलगा निवडला गेला, तीन हंगामांत तो बॉस्टनहून गेला. त्याच सौद्यातलं, त्याच रानातलं, तेच बियाणं.

आणि सॅक्रमेंटोचं काय झालं? तो संघ आपल्या मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिव्यांचा, म्हणून माझा उगाच जीव अडकतो त्यात. फेब्रुवारी २०१७मध्ये त्यांनी डीमार्कस कझिन्स न्यू ऑर्लिन्सला दिला. आलेलं पिक दहावं निघालं. ते त्यांनी पोर्टलंडला, हो तुमच्याच पोर्टलंडला, देऊन पंधरावं आणि विसावं घेतलं. दोन पिकांवर दोन मुलं घेतली, दोघांपैकी एकही संघाचा आधार झाला नाही. पोर्टलंडने दहाव्यावर झॅक कॉलिन्स घेतला. त्याची वर्षं दुखापतींत गेली. एका सौद्याची तीन पिकं, दोन शहरं, आणि हाती फारसं काही नाही. सॅक्रमेंटो तेव्हा प्लेऑफच्या दारातही पोचत नव्हतं. सोळा हंगामांचा तो दुष्काळ २०२३ला संपला, तोही वेगळ्याच माणसांनी संपवला.

तेव्हा मित्र "पिकं आली, सौदा झकास" म्हणतो, त्यातला "झकास" हा शब्द त्याने २०२३मध्ये कोणत्या आधारावर वापरला, हे त्याला जरूर विचारा.

एक आधार होता, आणि तो त्याने सांगितला असता तर मी त्याच्या बाजूला बसलो असतो. पिक घेताना आपल्या खेळाडूचं वय सगळेच बघतात. घेणाऱ्याचं वय बघायला हवं. २०१२चे नेट्स घाईत होते, २०१३चे नेट्स त्याहून घाईत होते. मिलवॉकीची सगळी मदार यानिस अँटेटोकुम्पोवर होती आणि २०२९च्या जूनमध्ये यानिस ३४ पार केलेला असेल. त्या संघाने आजच्या जेवणासाठी उद्याची बियाण्याची पोती उघडली होती. अशा घराकडून घेतलेलं पिक दाणेदार निघण्याची शक्यता जास्त. तरुण, धडधाकट संघाकडून पाच पिकं घेण्यापेक्षा घाईत असलेल्या म्हाताऱ्या संघाकडून एक घेतलेलं बरं. एनबीएलाही, म्हणजे हे सगळे संघ जिच्यात खेळतात त्या लीगलाही, ही घाई ठाऊक आहे. म्हणूनच लागोपाठ दोन वर्षांची पहिल्या फेरीची पिकं हातून जाऊ देऊ नयेत आणि सात वर्षांपलीकडचं पिक विकू नये असे नियम आहेत. पहिला नियम क्लीव्हलंडच्या एका जुन्या मालकाच्या नावाने ओळखला जातो, टेड स्टेपियन. आपल्या नावाचा नियम व्हावा असं वाटत असेल तर असं नाव कमवू नये.

आता तुमच्या दुखण्याकडे. तुम्ही लिहिता, "ब्लेझर्सनी लिलार्ड देऊन टाकला." इथे तुमची स्मृती तुमच्या सोयीने चाललीय. २०२२-२३मध्ये लिलार्डने सामन्यामागे ३२ गुण काढले, फेब्रुवारीत ह्यूस्टनविरुद्ध एका रात्रीत ७१, आणि संघ ३३ विजय, ४९ पराभवांवर संपला. लॉटरीत तिसरं पिक हाती आलं. लिलार्डला ते पिक विकून तयार खेळाडू हवे होते. त्याचं वय ते सांगत होतं. संघाने १९ वर्षांचा स्कूट हेंडरसन घेतला. १ जुलैला लिलार्डने स्वतः ट्रेड मागितला, आणि तोही मायामीला. म्हणजे विसर्जन झालं हे खरं, पण मूर्तीने आधी स्वतःच "निघतो" म्हटलं होतं. यात मला दोन्ही बाजू बरोबर वाटतात आणि म्हणूनच ती गोष्ट दुखते. त्याची उरलेली वर्षं चार, संघाची उरलेली वर्षं अनंत. एका गाडीला दोन वेळापत्रकं लागत नाहीत.

मी स्वतः तरुणपणी नागपाड्याच्या कोर्टांवर बऱ्यापैकी वेळ वाया घालवला आहे. आमच्याकडे ट्रेड नव्हता, पिक नव्हतं. "आता तू बस" एवढंच होतं. आमच्या क्लबातल्या एका थोर माणसाला ते सांगितलं गेलं तेव्हा त्याने बूट काढले, दोऱ्या एकमेकांना बांधल्या, खांद्यावर टाकले आणि वडापाव खायला गेला. त्याच्या बदल्यात आम्हाला काहीही मिळालं नाही. त्यामुळे म्हाताऱ्या खेळाडूच्या बदल्यात सात वर्षांनंतरचा कुणी कोवळा पोरगा मिळतो, ही व्यवस्था मला आजही किंचित चमत्कारिक वाटते. क्रूर की सभ्य, ठरवता येत नाही.

मित्राच्या मेसेजकडे येऊ. "पिकंही आपली, माणूसही आपला." ऐकायला गोड आहे. पण गेलेला माणूस आणि आलेला माणूस एकच आहे का? एप्रिल २०२५मध्ये इंडियानाविरुद्ध प्लेऑफमध्ये लिलार्डची टाचेची शीर तुटली, अकिलिस. मिलवॉकीने जुलैमध्ये त्याचा उरलेला, ११ कोटी डॉलरहून मोठा करार पाच वर्षांच्या हप्त्यांत वाटून त्याला मोकळं केलं. मग तो तीन वर्षांच्या ४ कोटी २० लाखांच्या करारावर घरी आला. पस्तिशीत, शस्त्रक्रिया झालेला. गेला होता तो ७१ गुण काढणारा होता. एका माणसाची शीर तुटणार आणि दुसरा संघ एवढा पैसा अंगावर घेऊन त्याला सोडणार, हे २०२३च्या सप्टेंबरात कुणाच्या वहीत नव्हतं. नशिबाने पडलेलं दान मित्र स्वतःच्या हुशारीच्या खात्यात जमा करतोय. ते खोडून काढा. सौदा बरोबर होता की नाही हे त्या दिवशी जे दिसत होतं त्यावरून ठरवायचं, दोन वर्षांनी घरंगळत आलेल्या गोष्टींवरून नाही.

त्या दिवशी जे दिसत होतं ते वाईट नव्हतं, हे मात्र तुम्ही मान्य करा. आणि पुढचं बघायचंच असेल, तर जी माणसं आली त्यांचीच साखळी बघा. तुमानी कमारा, ज्याचं नावही तेव्हा कुणी घेतलं नाही, २०२५मध्ये लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात बसला. ज्रू हॉलिडे दोन-चार दिवसांच्या पाहुण्यासारखा पोर्टलंडला आला आणि लगेच बॉस्टनला गेला; त्याच्या बदल्यात माल्कम ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स आणि दोन पिकं. त्यातलं एक २०२४ला चौदावं निघालं. ते आणि ब्रॉग्डन, शिवाय थोडी वरकड, देऊन डेनी अव्हदिया. वरकडीत २०२९चंही एक पिक गेलं : मिलवॉकी, बॉस्टन आणि तुमचं स्वतःचं या तिघांतलं दुसऱ्या क्रमांकाचं चांगलं पिक वॉशिंग्टनचं. म्हणजे मित्र ज्या तुरीच्या जोरावर मिरवतोय, त्यातलीही मधली ओंजळ आधीच विकलेली आहे. मेसेजच्या उत्तरात हे पाठवायला हरकत नाही. आणि हॉलिडे? तोही २०२५च्या उन्हाळ्यात परत पोर्टलंडलाच आला. तुमच्या शहरात विसर्जन फारसं टिकत नाही.

तुमच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायची राहिली आहे, जी पिकवाले कधीच बोलत नाहीत. मधली वर्षं. २३ एप्रिल २०१९ची रात्र तुम्ही दोघांनी एकाच रांगेत काढली असेल असं मी धरून चालतो. लिलार्डचे ५० गुण, शेवटचा चेंडू ३७ फुटांवरून, समोर हात उंचावलेला पॉल जॉर्ज, आणि मग ओक्लाहोमा सिटीच्या बाकाकडे बघत हलवलेला निरोपाचा हात. मी इथे सकाळी दात घासता घासता तो फटका पाहिला आणि लोकल चुकवली. त्या फटक्याने ओक्लाहोमाचा संघ मोडला. त्याच उन्हाळ्यात जॉर्ज लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सना गेला. बदल्यात जेमतेम एकविशीचा शे गिल्जस-अलेक्झांडर, पाच पहिल्या फेरीची पिकं आणि अदलाबदलीचे हक्क. त्यातल्या एका पिकातून जेलन विल्यम्स आला. २०२५मध्ये ते अजिंक्य झाले. पण दरम्यान? एका हंगामात २२ विजय, पुढच्यात २४. डिसेंबर २०२१मध्ये मेम्फिसने त्यांना १५२-७९ असं ७३ गुणांनी हरवलं. लीगच्या इतिहासात तेवढा मोठा पराभव कुणाचा नाही. त्या रात्री मेम्फिसच्या मैदानात किंवा घरच्या टीव्हीसमोर बसलेल्या ओक्लाहोमाच्या माणसाला "थांब, २०२५ला बघ" असं सांगायला किती उद्धटपणा लागेल? तुम्हीही २१-६१ असा हंगाम सोसलात. मोबाइलवर पिकं मोजणाऱ्याला तो सोसावा लागत नाही. खुर्चीवर बसणाऱ्याला लागतो. तुमचा राग त्या वर्षांचा होता, आणि तो रास्त होता. सौद्याच्या नावावर घातलात ते चुकलं.

जुना खेळाडू न विकण्याचाही मार्ग असतो, तो वेडेपणा नसतो. लेकर्सनी २०१३मध्ये जायबंदी कोबी ब्रायंटला दोन वर्षांचे साडेचार कोटींहून जास्त डॉलर दिले. शेवटच्या हंगामात ते १७-६५ असे गाळात गेले. शेवटच्या सामन्यात कोबीने ६० गुण काढले. त्या एका रात्रीची किंमत कुणाला काढता आली तर मला कळवा.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्या बाजूने उभं राहायचं, हे विचारताना आधी तीन माणसांकडे बघा असं सांगेन. घेणारा संघ किती घाईत आहे? तुमच्या संघाचा सगळ्यात चांगला तरुण खेळाडू किती वर्षांचा आहे, तो पिकं पिकेपर्यंत तिशीत जाणार असेल तर कसली पेरणी? आणि तो जुना खेळाडू स्वतः काय म्हणतोय? तिघांकडून उत्तर "द्या" असं आलं तर द्या म्हणा, आणि त्याच दिवशी जर्सी घालून रडायलाही हरकत नाही. दोन्ही एकाच दिवशी करता येतं. आईच्या पाठवणीला अख्खं आजोळ हेच करत आलंय.

मुलाचं काय करायचं? काही नाही. तो तेरा वर्षांचा आहे; २०२९ त्याला उद्यासारखं वाटतं, तुम्हाला ते दूर वाटतं. त्याने पिकांच्या बाजूने असायलाच हवं. फक्त त्याला त्या ३७ फुटांच्या फटक्याची फीत एकदा तुमच्याबरोबर बसून दाखवा, आणि मध्ये काही समजावून सांगू नका.

मित्राच्या मेसेजला अजून उत्तर दिलेलं नसेल तर देऊ नका, फोन करा. "मानलं" किंवा "मानत नाही" यातलं काहीच बोलायचं नाही. थेट विचारा, "जेरल्ड वॉलेस कोण ते ठाऊक आहे का रे?" नागपूरकर तुमच्या आधीपासून तिथे आहे, त्याला माहीत असलं तर तो ती गोष्ट अर्धा तास सांगेल, तुम्ही ऐकून घ्या, पहिल्यांदाच ऐकतोय असं. माहीत नसलं तर तुम्ही सांगा. पुढच्या घरच्या सामन्याची तिकिटं मात्र फोनआधी काढून ठेवा, दोन, शेजारशेजारची.